तिसऱ्या माळ्यावरच्या लाल गुलाबाची हकीकत

धुरीची चाळ, लालबाग
सोमवार, २५ नोव्हेंबर १९५७

पंधरा दिवसांपूर्वी एका सकाळी नळावरून तिसरी कळशी आणून ठेवली, चूल पेटवली, तांदूळ धुतले, धुवण फेकून न देता गॅलरीतल्या डब्यांत घातलं, केर काढला आणि मग लाल गुलाबाच्या डब्याशी वाकून बघते तर टोकाला कळी. हिरवी, घट्ट मिटलेली, वाटाण्याएवढी. (वन्सं, पत्राची सुरुवात नमस्काराने करतात हे मला ठाऊक आहे. पण कळी आधी आठवली. तेव्हा आता रीतसर लिहिते.)

तीर्थस्वरूप बकुळावन्संच्या चरणी भावजय मीराचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का, की अजून विडी ओढून वर काढा पितात? तुमच्या जगदीशचं मुंबईला यायचं नक्की झालं का? परड्यातल्या विहिरीला पाणी आहे ना, आणि विहिरीकडेच्या झाडांना तुमची ती चोरटी शेळी तोंड लावत नाही ना? (शेळीची चौकशी का करते ते विचारू नका.) माझी प्रकृती उत्तम आहे. प्रकृती बिघडली आहे ती आमच्या चाळीच्या समितीची.

माझ्या दारापुढच्या कोपऱ्यात सकाळचं दोन तास ऊन येतं. तेवढ्यात चार डबे मावतात. एकात तुळस, एकात गवती चहा, एकात पिवळा गुलाब आणि चौथ्यात लाल. लाल तुमच्या भावाने निवडलेला. बोनसच्या दिवशी आम्ही दोघं दादरला गेलो होतो, तिथे कलमांची हातगाडी उभी होती. मी म्हटलं पिवळा घ्या, केवढं फूल आहे बघा. ते म्हणाले, "फुलाचं काय बघतेस, रंग बघ." त्यांना रंग एकच कळायचा, बावट्याचा. गिरणीतल्या संपात जो खांद्यावर, तोच डब्यात. ते गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी एकटी जाऊन पिवळा घेऊन आले. त्याला दीड वर्षात पानांशिवाय काही आलेलं नाही, आणि तो माझ्या हट्टाचा असल्यामुळे मला कुणाकडे तक्रारही करता येत नाही.

रविवारी ते गॅलरीतल्या खिळ्याला आरसा टांगून दाढी करायचे. दाढी झाली की मगातलं साबणाचं पाणी सरळ लाल गुलाबाच्या अंगावर. मी ओरडायची, अहो, मरेल ते. म्हणायचे, "मरत नाही, माझ्यासारखा गिरणीतल्या साच्यावरचा गडी आहे तो." आता पुस्तकात वाचते तर काय, गुलाबावर मावा पडला की साबणाचंच पाणी मारावं म्हणून लिहिलेलं. श्रावणात तीन वर्षं झाली त्यांना जाऊन. हरल्याचं कबूल करायला समोर माणूस लागतं, ते नाही.

हे पुस्तक आमच्या गणपती मंडळाच्या वाचनालयातलं. तुम्हांला आठवत असेल, लग्नात मला सही येत नव्हती. पुढे वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून मी अक्षर अक्षर जुळवत वाचायला शिकले. त्यामुळे अर्ध्यात तुटलेली गोष्ट वाचायची मला सवय आहे. पुढचं मी मनाने लावते. (गूळ बांधून आलेल्या एका कादंबरीतल्या नायिकेचं लग्न मी असंच लावून दिलं आहे.) तर गुलाबाच्या पुस्तकात म्हटलं होतं, 'दसरा झाला की छाटणी करावी. मन घट्ट करून जुने लाकूड निर्दयपणे' आणि पान संपलं. पुढची चार पानं वाळवीने खाल्लेली. मी मन घट्ट केलं. तुम्ही मला ओळखता, मी काम अर्धवट ठेवत नाही. लाल गुलाब मातीच्या वर दोन बोटं ठेवला, बाकी उडवला. सुंदराबाई शेजारच्या खोलीतून बघत होत्या. म्हणाल्या, "मीराबाई, झाड छाटलंत की सूड घेतलात?" मी म्हटलं, पुस्तकात आहे. पंधरा दिवसांत असा तरारून फुटला की सुंदराबाईंना चार दिवस माझ्याशी बोलायला विषय मिळेना. खत म्हणून वरळी कोळीवाड्याची राधाबाय, जी आम्हांला मासळी देते, ती मला बांगड्यांची डोकी आणून द्यायची. ती मी मातीत खोल पुरली. चाळीतल्या सात मांजरांनी ती वर काढली. मी पुन्हा पुरली आणि वर पाटा ठेवला. हे आठवडाभर चाललं. मांजरं शेवटी दुसऱ्या माळ्यावर गेली, आणि तिथल्या लोकांनी माझं नाव टाकलं.

आणि मग कळी आली. आणि मग, काल रविवारी, समिती आली.

शनिवारी पंतप्रधान प्रतापगडावर पुतळ्याचं अनावरण करायला येणार आणि आपली माणसं काळी निशाणं घेऊन त्यांच्यापुढे उभी राहणार, हे तुमच्या गावातही पोचलं असेलच. आमच्या चाळीतून गुरुवारी ट्रक भरून लोक निघणार आहेत. निघताना अंगणात सभा, सगळ्या गॅलऱ्यांना काळ्या पताका, शिवाय पेपरवाला फोटो काढायला येणार आहे. पताकांचं निम्मं कापड मीच शिवलं आहे. आणि तरी नाना पेडणेकर (तुमच्या भावाचे जोडीदार, शेजारच्या साच्यावरचे, यांच्या तिरडीला खांदा दिलेले) दारात येऊन घसा खाकरतात आणि म्हणतात, "वहिनी, तुमच्या गुलाबाबद्दल ठराव झालाय."

मला वाटलं, अभिनंदनाचा.

मागे आमच्या समितीचा चिटणीस हेरंब वही उघडून उभा. त्याने वाचून दाखवलं की दिल्लीचे पंतप्रधान कोटावर रोज लाल गुलाब लावतात हे सर्वश्रुत असल्यामुळे, काळ्या पताकांच्या मधोमध तेच फूल फोटोत येणं हे मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला बाधक आहे, सबब गुरुवारच्या आत ते झाड दर्शनी भागातून हलवावं. एकमताने मंजूर.

"एकमताने कसं? माझं मत कुठाय?" मी विचारलं.

"वहिनी, तुम्ही सभेला नव्हतात."

"मी तुमच्या पताका शिवत होते."

नाना म्हणाले, "प्रश्न झाडाचा नाही हो, तत्त्वाचा आहे."

"तत्त्वाला पाणी कोण घालतं, नाना? याला मी घालते."

सांगते वन्सं, मग सगळ्यांनी आपापलं डोकं चालवलं. त्यांच्यातले शामराव म्हणाले, डबा मागे संडासाकडे ठेवू, तिथे फोटोवाला येत नाही. (ऊनही येत नाही.) कुणी म्हणालं कळीला कागदाची पिशवी घाला. एकाने तर फूल उमललं की त्याला बुटाचं काळं पॉलिश लावायचं सुचवलं, म्हणजे झाड समितीच्या बाजूला येईल. मी हेरंबला विचारलं, वैशाखात तुझ्या लग्नात तुझ्या कोटाला काय लावलं होतं रे? तो वहीत बघायला लागला. नानांना विचारलं, तोंडातल्या पानात काय आहे? गुलकंद होतं. त्यांनी चावणं थांबवलं, पण थुंकले नाहीत, हे मी लिहून ठेवते.

मी म्हटलं, हा गुलाब यांनी बावट्याचा रंग म्हणून आणलाय, दिल्लीला विचारून नाही. नाना, तुम्ही त्या बावट्याखाली यांच्या शेजारी उभे राहिलात, आणि आज तोच रंग तुम्हांला ओळखू येत नाही? नाना खाली बघत म्हणाले, "आम्हांला ओळखू येतो, वहिनी. पेपर वाचणाऱ्यांना कसा येणार?" उत्तर नसलं की मी खाली बसते. पाट आणला, डब्यापुढे मांडला, सूप मांडीवर घेतलं आणि तांदूळ निवडायला लागले. म्हटलं, हा सत्याग्रह आहे. गेल्या वर्षी तुम्हीच शिकवलंत, पोलिसांनी चौघांनी उचलल्याशिवाय उठायचं नाही, अंग सैल सोडायचं. मी सोडलंय. उचला.

चौघं होते. कुणी उचलेना. माझं वजन काही फार नाही, पण मित्राच्या विधवेला हात लावायचा तरी कसा, आणि तोही संयुक्त महाराष्ट्रासाठी? सुंदराबाई दारातून म्हणाल्या, "अहो, तुम्हांला माळायचं तर नाही. मग लाल फुलाचा एवढा हट्ट कशाला?" मी म्हटलं, बघायला. आणि मी खडा सापडल्यासारखं करून सुपात बघत राहिले.

इतक्यात राधाबाय पाटी घेऊन जिना चढून आली. गर्दी बघून म्हणाली, "काय गो बाय, कोन गेला काय?" मी सांगितलं, अजून कुणी नाही, गुलाबाला न्यायला आलेत. सगळं ऐकून तिने पाटी नानांच्या पायाशी आदळली. "त्या दिल्लीवाल्याच्या कोटावर काय हाय त्याशी माज्या बांगड्याच्या डोक्यांचा काय संबंध? यो झाड माज्या म्हावऱ्यावर वाढलाय. यो हालला तर या चालीत उद्यापासना म्हावरा नाय. सांगून ठेवते." पाटीत सरंगे होते, रविवार होता, अकरा वाजले होते. वन्सं, समित्या कशाने वाकतात हे तुम्ही कोकणातली माणसं मला विचारणार नाही.

तिथल्या तिथे दुसरा ठराव झाला. गुलाब जागीच राहावा, मात्र गैरसमज होऊ नये म्हणून त्यावर पाटी असावी. हेरंबने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हा लाल गुलाब संयुक्त महाराष्ट्राचा आहे', आणि डब्याला सुतळीने बांधलं. 'लाल' शब्द मी घालायला लावला. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, नाहीतर पुन्हा बसते.

अशी हकीकत. एक बाई पाटावर बसली आणि समितीला माघार घ्यावी लागली, हे गावात जरूर सांगा. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांच्या पाठीवरून हात, आणि शेळीला दूर बांधा.

तुमची भावजय,
मीरा

ता. क. मंगळवार. पत्र टाकलं नाही, तिकीट नव्हतं. बरंच झालं. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त लाल तेवढं सोडून.

आज सकाळी कळी उमलली. गुलाबी. फिकट, लहान, गावठी. मी पान उलटून बघितलं, डबा फिरवून बघितला, पुठ्ठा बघितला. पुठ्ठ्यावर लालच होतं. फूल तोडलं नाही. पानं असलेली एक काडी तोडली आणि दादरला त्या हातगाडीवाल्याकडे गेले. त्याने काडी बोटांत फिरवली आणि मला समजावून सांगितलं. कलम म्हणजे खाली गावठी खुंट आणि त्याच्या सालीत भरलेला चांगल्या गुलाबाचा डोळा. फुलं त्या डोळ्याची. छाटायचं ते जोडाच्या वर. मातीपासून दोन बोटांवर कापलंत म्हणजे जोडासकट उडवलंत बाई, आता फुटलाय तो नुसता खुंट. एवढंच त्या वाळवीने खाल्लेल्या पानांत असणार. मी मनाने लावलं ते चुकलं. समितीपासून वाचवायला जे झाड मी अडवून बसले, ते मी दसऱ्यालाच माझ्या हाताने कापलेलं होतं. तो म्हणाला, दुसरा लाल घेऊन जा, हे बघा किती आहेत. मी म्हटलं, लाल पुष्कळ आहेत.

परत आले तर गॅलरीत नाना उभे. फुलाकडे बघून त्यांचे डोळे पाणावले. म्हणाले, "वहिनी, शेवटी लाल बदलून समितीचा मान राखलात. आणि तोही गाजावाजा न करता." वन्सं, ठरावाने मला हरवलं नाही, पण या चांगुलपणाने हरवलं असतं. मी म्हटलं, नाना, मान वगैरे काही नाही, माझ्या हातून मेलाय तो. आणि पुठ्ठा निघणार नाही. मग पुठ्ठ्याची सुतळी सैल झाली होती ती त्यांनीच घट्ट बांधली.

ता. क. दुसरा, आणि खरं तर यासाठीच हे पत्र. ते गेले त्याच्या आधीच्या भाऊबीजेला तुमच्याकडे आले होते, तेव्हा याच गुलाबाची एक फांदी ओल्या फडक्यात आणून तुमच्या विहिरीच्या कडेला त्यांनी खोचली होती. तुम्ही हसला होतात, शेळीला खाऊ आणलास म्हणून. ती जगली का? कृपा करून मला खरं कळवा, मला बरं वाटावं म्हणून लिहू नका. जगली असेल आणि फूल लालच येत असेल, तर जगदीश बोटीने येईल त्या सकाळी पेन्सिलीएवढी एक काडी कापा, डोळे फुगलेली बघून, आणि ओल्या फडक्यावर केळीच्या खांबाचा सोप गुंडाळून त्याच्याकडे द्या. हातगाडीवाला म्हणाला, खुंट दणकट आहे, खुशाल त्यावर डोळा भरा. साल उकलून आत डोळा बसवायचा आणि बांधायचं, एवढंच. फक्त पातं केसाएवढं बारीक धारेचं हवं आणि हात थरथरता कामा नये. हात माझा थरथरत नाही. माझ्याच खुंटावर, त्याच डब्यात, त्याच पुठ्ठ्यामागे लाल आणीन, मग गुरुवार गेला असो की महाराष्ट्र झालेला असो.

ता. क. तिसरा. बुधवार. आज पाणी भरून झाल्यावर ट्रंक उघडली, त्यांचा वस्तरा काढला, आणि चामडं कुठे सापडलं नाही म्हणून पाट्यावर घासून त्याला धार लावली.