अलतिनायचा गालिचा

बिश्केक, सोमवार

प्रिय सालिमाताईला धाकट्या झामिराचा नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

प्रदर्शनासाठी आमच्या कारखान्यातल्या अलतिनायचा, जाड लोकरी कापडाचे तुकडे जोडून शिवलेला गालिचा निवडलाय, माझा नाही. ताई, माझा नुसता जळफळाट झाला. मी सहा वर्षं शिवतेय, ती कालपरवा आलेली! चूक शोधायला मी तो उलटून पाहिला. मेंढ्याच्या शिंगांच्या आकाराची नक्षी तिनं चारदा उसवून शिवली होती. जुनी भोकं दिसत होती.

"काय शोधतेस गं?" तिनं मागून विचारलं.

"चूक."

"मग आधीच दाखवायचीस ना! एकदा तरी उसवणं वाचलं असतं."

ती हसली, मला हसू आलं नाही. अजून जळतेय, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पण आज पहिल्यांदाच मी माझा गालिचा उसवायला घेतलाय.

तुझीच,
झामिरा