द्वारकाची बदली

३ फेब्रुवारी, सोमवार

पाय सुजलेत. रात्रपाळी करून आले तर सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर! समाधान म्हणाला, "आता बाई ठेवूच. नोकरी तुझी दवाखान्यात आहे, घरात नाही." नवरा शहाणा. बोलायला काय जातं! आईनं जन्मभर बिबवेवाडीत लोकांची भांडी घासली. तिच्या डोळ्यांदेखत मी बाई ठेवू?

५ फेब्रुवारी, बुधवार

ठेवली. द्वारका नाव. दिवाळीपासून आई इथं राहायला आलीय आणि सारखी सिंककडे धावते, म्हणून हो म्हटलं. आईला बजावलं — आता खरकट्याला हात लावायचा नाही. बस, टीव्ही बघ. ती नुसतं "बरं" म्हणाली.

९ फेब्रुवारी, रविवार

हसावं की रडावं! द्वारका यायच्या आधी निम्मी भांडी मीच घासून ठेवते. करपलेलं पातेलं तिच्यापुढे टाकायची लाज वाटते. लहानपणी मी लोकांच्या जिन्यात बसून आईची वाट बघायचे. आत कढई खरवडल्याचा आवाज. मग पिशवीतून शिळा भात घरी. तो मला आवडायचा — हे समाधानलाही सांगितलेलं नाही.

आज तो म्हणतो, "बाईसाठी भांडी घासणारी मालकीण अख्ख्या वारज्यात तू एकटीच!"

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सलग दोन पाळ्या. लेकीच्या शाळेतलं स्नेहसंमेलन बुडालं. घरी आले तर ती नाचाचा पोशाख स्वतःच घडी करून ठेवत होती. भांडली असती तर बरं झालं असतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आई धड जेवत नाही. अर्धी भाकरी खाते, ताट सरकवते. रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. खोदून विचारलं तर म्हणे, "बसून बसून भूक कुठनं लागंल? पाव्हणीगत ठिवलीस मला." इतकी चिडले! कशासाठी शिकले मी? कशासाठी परीक्षा दिल्या, ही नोकरी धरून ठेवली? तिच्या हातांना एकदाचा आराम मिळावा, एवढंच तर मनात होतं. आणि ही उपाशी राहते!

२२ फेब्रुवारी, शनिवार

द्वारका भाचीच्या लग्नाला गावी चाललीय. "बिल्डिंगीतल्या बाकी घरांना बदली बाई दिलीय ताई. पण तुमच्याकडं नाय जमणार म्हणली ती." वा! नेमकं आमचंच घर तिला नको. कंबर धरून भांडी घासली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या जोगळेकरबाई. "द्वारकाची बदली काय लख्ख भांडी घासते हो! सुंदराबाई नाव. तुमच्याकडेही येते का?"

"आमच्याकडेच राहते. माझी आई आहे ती."

मी घरी आले. संताप होता, रडूही फुटत होतं. आई ओट्याशी ताट घेऊन उभी.

"वाढ की गं," म्हणाली, "लई भूक लागलीय."