खडक हललेला नाही

शिनोली,
११ ऑगस्ट २०२५

चि. गोरख,

आशीर्वाद, थोडे हातचे राखून. माझा गुडघा बरा आहे. तुझ्या ऑफिसात तीनदा फोन केला, तिन्ही वेळा "सर फिल्डवर आहेत." म्हणून तिकडे निघालेल्या शेजारच्या सोपानच्या हाती पत्र देते आहे. त्याच्यासमोर वाच.

उन्हाळ्यात तू वरच्या वाडीमागच्या डोंगराचे दगड वय काढायला नेलेस आणि मला इंग्रजीत अहवाल पाठवलास. आत्या कॉन्व्हेंटची ना! त्याच आठवड्यात तलाठी दरडीच्या धोक्यामुळे वाडी हलवायची नोटीस घेऊन आले. ग्रामसभेत वाडीतला दादाभाऊ म्हणाला, "मॅडम, तुमच्या भाच्यानं डोंगर तपासलाय नव्हं? वाचा की."

साडेसहा कोटी वर्षं, असं वाचलं. त्याच वाडीतली तानूबाई हसली, "एवढ्या वर्सांत न्हाई हलला, आता काय हलतोय!" पुढे तू लिहिलं होतंस, फ्रेश, अनडिस्टर्ब्ड. मी ऐटीत मराठी केलं, "खडक ताजा आहे, हललेला नाही." टाळ्या पडल्या. चौदा घरांनी नोटीस परत पाठवली.

ते तू हातात मावणाऱ्या तुकड्याबद्दल लिहिलं होतंस. वरची माती सुटली आहे, हे पुढच्या पानावर. दगडाच्या वयाला चार पानं आणि माणसांना एक ओळ? शोभतं का तुला? ते पान वाचायचं राहिलं, कारण तेवढ्यात चहा आला.

आता वाडीतला झरा गढूळ झालाय. बिरदेव धनगराच्या मेंढवाड्यात मेंढरं बसत नाहीत. त्यामागच्या भेगेत गेल्या सोमवारी माझी बोटं जात होती, काल कोपरापर्यंत हात गेला. दादाभाऊनं तीत मुरूम भरला. "कशाला घाबरता? तुमीच तर वाचून दाखवलं!"

गोरख, चहा आला नव्हता. ते पान मी आदल्या दिवशी घरी वाचलं होतं. नीट कळलं नव्हतं, आणि कळलं नाही असं चारचौघांत म्हणवेना. म्हणून उलटलं.

ते आता डिक्शनरी घेऊन मराठीत उतरवलंय. आज वर जाऊन घरोघर वाचते. माझ्यावर विश्वास ठेवतील असं नाही; एकदा ठेवलाच आहे. शेवटचं घर खाली येईपर्यंत मी तानूबाईच्या ओसरीवरून उठणार नाही. पाऊस थांबलेला नाही. मला फोन करू नकोस, वर रेंज नाही. तलाठ्यांना कर, आणि मराठीत बोल.

पान उलटणारी,
तुझी रोहिणीआत्या