बांधलेली मी, चेहरा धाकटीचा

सगळ्यांत आधी आली ती धाकटी जाऊ, तोंडाला पावडर थापून. ह्यांची जुनी चित्रं मांडणार आहेत ते प्रदर्शनवाले तिच्यामागून आले. पाहुणे माझ्याकडे, आणि दारात स्वागताला ही! तेव्हाच ठरवलं, लिहून टाकायचं. तर मी, चित्रकाराची बायको, डोकं ठिकाणावर असताना, ऐकू नीट येत असताना (नको तेही येतं), कोणाच्या धाकाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. शाळा दुसरीपर्यंत झाली, तेव्हा वेलांट्या तपासू नयेत.

१. राहते घर मुलाला द्यावे. सुनेने स्वयंपाकघराची खिडकी बुजवू नये, तिचा डोळा आहे त्यावर.

२. ह्यांची सर्व चित्रे नातीला द्यावीत. का, ते सांगते. हे छापखान्यासाठी चित्रकथा काढत. त्यातली गुप्तहेर बाई दर अंकात पकडली जायची आणि खुर्चीला नाहीतर खांबाला करकचून बांधली जायची. अंक खपायचा तो त्यावरच. शिवाय काही गिऱ्हाइकांना बंद पाकिटातून वेगळी चित्रं लागत: उंच टाचांचे बूट, आवळलेली कंबर, हात पाठीमागे. पण ह्यांना मनाने दोरी काढता येत नसे, गाठ डोळ्यांपुढे लागे. मग कपडे वाळत घालायची दोरी सोडून मलाच बांधत. मी म्हणे, "अहो, शेगडीवर दूध आहे, सुटं टोक माझ्या बोटांशी राहू द्या." टोक ओढायचं, दूध उतरवायचं, परत येऊन बसायचं. "हं, बांधा!" हसण्यात अर्धी दुपार जायची.

आणि चेहरा? चेहरा धाकटीचा! म्हणे, "तिचे डोळे कसे घाबरल्यासारखे आहेत, तू नुसती फिदीफिदी हसतेस." वळ उठले माझ्या मनगटांवर, आणि न्हाव्यापासून शिंप्यापर्यंत सगळे वळून बघायचे तिच्याकडे. माझा जळफळाट व्हायचा. अजून होतो, खोटं कशाला लिहू?

प्रदर्शनवाली मुलगी म्हणाली, "आजी, बांधलेल्या बायकांची चित्रं मी ढिगाने बघितली. पण इथे दर चित्रात दोरीचं टोक तिच्याच हातात आहे. हवं तेव्हा सुटेल ती! म्हणून तर लोक ही चित्रं शोधतात. कोण ही?"

"मीच की," धाकटी म्हणाली. "नाक बघ ना."

"नाक तेवढं तिचं," मी म्हटलं, "बाकी सगळी मी. आणा दोरी!" आणि दाखवलं करून. एका हिसक्यात सुटले. मुलगी टाळ्या पिटायला लागली.

"शोभतं का ताई, ह्या वयात?"

"तुला तर त्या वयातही शोभलं नसतं!"

तरी मुलीबरोबरच्या दाढीवाल्याने नाव टिपलं ते धाकटीचं. चेहरा जिचा, नाव तिचं, म्हणे. म्हणून नातीला अट: प्रत्येक चित्राखाली "बांधलेली: आजी. चेहरा: उसना" असे लिहिल्याशिवाय एकही चित्र भिंतीवर चढू देऊ नये.

३. पाकिटातल्या चित्रांसाठी आणलेले उंच बूट नातीला. कातडे कडक झाले आहे, तेल लावावे. धाकटीची पोटरी त्यात कधीच शिरली नाही, हे जाता जाता.

४. खांबाला बांधलेल्या बाईचे मोठे चित्र धाकट्या जाऊस द्यावे. तिने चारचौघांत मागितलं, "ताई, एवढं तरी माझ्या नावे लिहा." लिहिलं. मृत्युपत्र बघायला बोलावलेल्या वकिलाने नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून जो सही करतो त्याला त्यातलं काही मिळत नाही. मी लगेच आतून हाक मारली, "धाकटे, ये गं, सहीला तुझ्याइतकं जवळचं कोण आहे मला?" पदराने डोळे पुसत आली बिचारी. तिला न मिळाल्यास तेही चित्र नातीकडेच जावे.

सही: मी, वर लिहिलेली सगळी

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले
२. धाकटी जाऊ (चष्मा घरी राहिला म्हणाली)

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर. वार मंगळवार. प्रदर्शनवाले शुक्रवारी परत येतो म्हणालेत.