हेमाच्या हाती लागेल असा रिमोट

मी, अवधूत केशव खांबेटे, वय एकाहत्तर, टीव्हीच्या रिमोटचे आराखडे करण्यात नोकरी घालवलेला, राहणार सहकारनगर, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बायको 'कसलं अभद्र लिहिताय' म्हणते, ते दडपणात धरू नये.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी पत्नी सौ. हेमा हिला. तिच्या पश्चात मुलगी ऋचा, सध्या मेलबर्न, हिला. पुतण्यांनी आशेवर राहू नये. चहाला जरूर यावे, चारनंतर.

२. माझी हत्यारे व साचे खराडीच्या कंपनीतले माझे सहकारी श्याम यांना. हेमाचा रिमोट बिघडल्यास त्यांनी तो घरी येऊन दुरुस्त करावा.

३. आमचे साहेब महिपतराव यांनी माझा तीन बटणांचा रिमोट हसून बाजूला सारला. म्हणाले, "बटणं दिसली नाहीत तर गिऱ्हाईक पैसे कशाचे देईल?" त्यांना कंपनीचा तो बटणांनी खच्चून भरलेला रिमोट द्यावा. त्यांची नजरही आता अधू झाली आहे असे ऐकतो. वाईट वाटते, पण द्यावाच.

४. काचबिंदूने हेमाची दृष्टी गेली. ऋचाचा व्हिडिओ कॉल आता टीव्हीवरच येतो, म्हणून तो तीन बटणांचा रिमोट मी हेमासाठी घरी बनवला. बटणांवर बोटाला कळतील असे बारीक ठिपके दिले. हिने तो हातात येताच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावले, ठिपके गडप! मी चिडलो. ही म्हणाली, "अहो, कणकेच्या हातानं धरते मी." ते खरेच होते. मग पिशवीतूनही कळेल असा दुसरा केला. टीव्ही चालू करायला खळगा, आवाजाला आडवी पट्टी, ऋचाचा फोन घ्यायला बोराएवढा उंचवटा. हा रिमोट हेमाचा. पिशवी कोणी काढू नये.

५. तरी ही तो वापरत नाही. फोन वाजला की "अहो, ऋचा" म्हणून मला हाक मारते. शिकवायला गेलो तर म्हणते, "तुम्ही आहात ना, मग मी कशाला शिकू?" एकदा मी मुद्दाम गप्प बसलो. फोन वाजून वाजून थांबला. ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मला हिला सोडून जायचे नाही, हेही इथेच नोंदवतो. कायद्यात बसो न बसो.

६. ऋचास. बाळा, तुझ्या फोनची मीही वाट बघतो, कधी बोललो नाही. माझ्यामागे आईला फोन करशील तेव्हा बराच वेळ वाजू दे. बंद झाला तर पुन्हा लाव. ती आधी मला हाक मारेल. मग थोडी थांबेल. मग रिमोट चाचपेल. तोवर ठेवू नकोस.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला असून खालील दोघांच्या देखत सही केली आहे.

(सही) अवधूत केशव खांबेटे

साक्षीदार:
(सही) डॉ. नम्रता आगरकर, सहकारनगर
(सही) बद्रीनाथ लोणकर, शेजारी

पुणे, ९ फेब्रुवारी २०२५