हिच्यासाठी खालची न्हाणी

३ तारीख, सकाळी
हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सध्या ही थोरल्या लेकीकडे. जिना चढायला मनाई, म्हणून खाली न्हाणी करायची : उंबरा नको, धरायला भिंतीत दांडा. वीस तारखेला ही येणार. कंत्राटदार ठरवला. नवा नियम आलाय, दर लेखी द्यायचा आणि मालकाच्या सहीशिवाय एक खिळाही वाढवायचा नाही. जावई म्हणाला, वाचून सही करा. मला शिकवतो. चौथी पास म्हणजे अडाणी नव्हे.

४ तारीख
कंत्राटदार सरळ माणूस. म्हणाला, "काका, दर वेळी तुम्हाला जिना उतरायला लावू का? दहा कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ठेवा." वडीलधाऱ्यांची कदर आहे. अशी वळणदार सही हल्ली दिसत नाही, असंही म्हणाला. बारा दिल्या.

९ तारीख
दांड्याआधी आरसा आला. भोवती दिवे. विचारलं, तर फॉर्म पाच दाखवला. सही माझीच. म्हणजे नियम पाळतोय. तरी उद्यापासून कडक राहायचं.

१४ तारीख
कडक राहिलो. दांडा कुठे, विचारलं. म्हणे आरशाने भिंत अडली, आता मजबुतीचे वेगळे पैसे, फॉर्म नऊ. घाईचे वेगळे, फॉर्म दहा. घाईचे पैसे दिले, तरी काम बंद. हिला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचे पैसे यात गेले. फोनवर हिला सांगितलं, झालंच सगळं.

१७ तारीख
तक्रार कार्यालयात गेलो. तासभर बाकावर. तिथल्या बाईंनी अकरा फॉर्म उलटून पाहिले. म्हणाल्या, "आजोबा, इतकी व्यवस्थित फाइल आमच्याकडे पहिलीच. प्रत्येक पानावर तुमची सही आहे." क्षणभर बरं वाटलं. मग घरी आलो.

२० तारीख, संध्याकाळी
ही आली. वॉकर धरून न्हाणीच्या दारात उभी राहिली. उंबरा तसाच, वीतभर. आरशात आम्ही दोघं लख्ख दिसत होतो. हिने वॉकरचा पाय उंबऱ्याला लावून पाहिला. मग म्हणाली, "मी थोरलीकडेच राहते अजून. तुम्ही वेळेवर जेवत जा." थोरलीने बॅग गाडीतून काढलीच नव्हती.

त्या गेल्यावर दाराखाली पाकीट सापडलं. फॉर्म बारा : काम समाधानकारक झाले, मालकाची तक्रार नाही.

सही मात्र खरंच वळणदार आलीय.