ठकीच्या ताटातलं हिरवं

४ मार्च

ती. ठकीच्या आजींना,
सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही असं ह्यांनी सांगितलं, म्हणून लिहिते. आपली भेट लग्नाच्या दिवशी झाली तेवढीच, तीही घाईत. मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतते. हात सराईत आहे, पण लिहिताना घाबरतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

ठकीला पाचवं लागलं. गोड आहे, बोलघेवडी आहे, बाहुलीला दिवसभर दटावते. माझ्याशीही चांगली वागते, फक्त मला कशानेच हाक मारत नाही. समोर येऊन उभी राहते आणि सुरू करते. खाण्याचं मात्र कठीण आहे. पाव, दूध, भात, म्हणजे सगळं पांढरं चालतं. हिरवं दिसलं की ओठ असे मिटते की शिवण उसवेल, पण ते उघडणार नाहीत. परवा डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली आणि रक्त कमी आहे म्हणाले. औषध दिलं आहे, पण भाजी पोटात गेलीच पाहिजे असं बजावलं. हे म्हणतात, मोठी झाली की खाईल. बस चालवणाऱ्या माणसाला सगळं पुढच्या स्टॉपवर होईल असं वाटतं!

तिची आई तिला भाजी कशी भरवायची, हे तुम्हाला ठाऊक असेल. विचारायचा मला हक्क आहे की नाही, कळत नाही. तरी विचारते.

आशीर्वादाची इच्छा धरून,
ठकीच्या घरून


१३ मार्च

सौ. बाईंना,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचं ऐकून घेतलं, आता कानांनी संप पुकारला आहे. पत्र हेच बरं.

माझी मुलगी ठकीला काय भरवायची ते मी पाहिलेलं नाही. ती लांब होती. ती स्वतः लहान असताना माझ्याकडे एकच युक्ती होती. पालक बारीक वाटायचा, अंड्यात फेटायचा आणि मुकाट्याने ताटात वाढायचा. पोरीला पत्ता लागला नाही. तुम्हीही करून पाहा.

नातीची तब्येत वरचेवर कळवत जा. जावईबापूंना आशीर्वाद.

ठकीची आजी


२९ मार्च

ती. आजींना,
सा. न. वि. वि.

कसं लिहू समजत नाही. तुमची युक्ती आठवडाभर चालली. ठकी ऑम्लेट मिटक्या मारत खायची आणि मी मनात तुमचे पाय धरायची. मग एका सकाळी पालकाचा एक दोरा वाटायचा राहिला आणि तिच्या दातात अडकला. तो बोटावर घेऊन तिने उजेडात धरला, मग माझ्याकडे पाहिलं. आजी, रडली असती तर परवडलं असतं. तिने नुसतं विचारलं, हे तू घातलंस का? मी हो म्हटलं. ती ताट सरकवून उठली.

तेव्हापासून माझ्या हातचं काही खात नाही. उकडलेलं अंडं खाते, पण कवच स्वतः फोडते. केळं खाते, पण स्वतः सोलते. आत मी काही घालू शकणार नाही, एवढ्याच वस्तूंवर तिचा भरवसा उरला आहे. पावसुद्धा कुसकरून तपासते. वजन उतरलं. काल जिन्यात शेजारीण ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, की सख्खी असती तर जेवली असती. कारखान्यात त्या दिवशी मी कॉलरचा अख्खा गठ्ठा उलटा कापला.

मला वाटतं, तिला काही महिने तुमच्याकडे ठेवावं. तुमच्या हातचं ती खाईल. ह्यांना अजून बोलले नाही. हो म्हणालात तर कपडे भरते. भरताना मला काय होईल, ते लिहीत नाही.

तुमची,
ठकीच्या घरची


४ एप्रिल

चि. सौ. पोरी,
अ. उ. आ.

तुझं पत्र खिडकीशी बसून वाचलं, मग चहा गार झाला तरी बसून राहिले. 'तुम्ही' आता पुरे.

ठकीला मी दोन्ही हातांनी ओढून घेईन, पण आज नाही. आज ती आली तर तिला एवढंच समजेल की रुसलं की घर बदलतं. आणि एक ध्यानात घे. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्यावर कोणी रुसत नाही. दाराशी येणाऱ्या विक्रेत्यावर रुसतं का कोणी? ती तुझ्यावर रुसली आहे. मी तर हे वाचून जरा सुखावले, रागावू नकोस.

माझी युक्ती चुकली. माझी लेक भोळी होती, तुझी लेक चौकस आहे. तिला आधी सांग, की लपवलं होतं, पुन्हा लपवणार नाही. समजावत बसू नकोस. मग मटारच्या शेंगा आण, न सोललेल्या. मटारात कोण काय लपवणार? तिच्यासमोर ठेव आणि आपलं काम करत राहा. खा म्हणायचं नाही, बघायचंसुद्धा नाही.

त्या शेजारणीला इकडे पाठव. मला ऐकू येत नाही, भांडायला माझ्यासारखी बाई नाही.

जिवाला लावून घेऊ नकोस.
आजी


२१ मे

ती. आजींना,
सा. न. आणि खूप खूप काही.

ठकीची माफी मागितली. तिने मान डोलावली, जशी मोठी माणसं विचार करून कळवतो म्हणताना डोलावतात. मग शेंगांची परडी खिडकीखाली ठेवून मी इस्त्री करत बसले. ती आली, घुटमळली. एक शेंग उघडली, वास घेतला, दाणे बाहुलीपुढे मांडले, बाहुली जेवत नाही म्हणून तिला रागावली आणि सगळे खिशात टाकून निघून गेली. फ्रॉक धुताना ते मला सापडले. दुसऱ्या दिवशीही तेच. मग एका दुपारी कुरूम असा आवाज आला. आजी, मी मान वर केली नाही, पण एका शर्टाची बाही करपली.

आता स्वयंपाक तिच्या देखरेखीखाली होतो. स्टुलावर उभी राहून ती प्रत्येक भाजी कापायच्या आधी हातात घेऊन बघते आणि मगच भांड्यात टाकायची परवानगी देते. गाजर, दुधी, टोमॅटो पास झाले. कोबी आतून आणखी कोबीच निघतो, म्हणून तिचा लाडका आहे. पालकावर मात्र अडलं होतं. तेवढ्यात तिने मला पकडलं. मी बीट ताटाच्या कडेला सारते, मला लहानपणापासून आवडत नाही. तिने कमरेवर हात ठेवून विचारलं, की तुझं बीट कोण खाणार? शेवटी तह झाला. मी एक फोड बीट, तिने एक चमचा पालक, एकाच वेळी. दोघींची तोंडं बघून हे इतके हसले की डेपोत उशिरा पोचले. डॉक्टरांनी परवा पापणी ओढून पाहिली आणि रंग सुधारतोय म्हणाले. औषधाचंही श्रेय आहे, पण मी ते कमीच देते.

पुढच्या महिन्यात तिची सुट्टी संपते. त्याआधी तिला तुमच्याकडे आठ दिवस घेऊन यावं म्हणते. तिला पोचवून मी त्याच गाडीने परत फिरेन. तुमच्या मुलीच्या माहेरच्या घरात मी वावरताना बघणं तुम्हाला जड जाईल, हे मला समजतं. दिवस कळवा.

लोभ वाढतो आहे, तो वाढू द्यावा.
तुमची पोर


२८ मे

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

मोठी गेल्यापासून तिची खोली मी दोन वर्षं उघडली नव्हती. तुझं पत्र वाचून काल उघडली. आधी तिथेच बसून मनसोक्त रडले. मग खिडक्या उघडल्या, गादीला ऊन दिलं, चादर बदलली. पलंग रुंद आहे. दोघी ऐसपैस झोपाल.

जड जाईल, हे खरं आहे. जाऊ दे. एकटीने उचलून बघितलं, तेव्हाही हलकं नव्हतं.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला अजिबात पटलं नाही. ठकीला पोचवून परत फिरेन, म्हणे! पोरीला पोचवायला कोणीही येईल. तू राहायला ये. ठकीला यायचं असेल, तर तिलाही आण.

वाट बघते.
आई